पुतण्याची स्विफ्ट आणि हरवलेले ४ मिलिमीटर

पुतण्याकडे २००५ साली आलेल्या पहिल्या पिढीतली पेट्रोल स्विफ्ट आहे. ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानावर आखलेल्या वळणांच्या वाटेवर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीसाठी, त्यानं ती मोकळी करून घेतली: मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली, आतलं अस्तर काढलं. दिवाळीनंतर एका रविवारी तो माझ्या धायरीच्या शेडमध्ये आला आणि म्हणाला, "काका, उंची कमी-जास्त करता येईल असं सस्पेन्शन पाहिजे. बाहेरून आणायला परवडत नाही. आपण बनवू या का?"

माझी तीस वर्षं टूलरूममध्ये गेली. आटे पाडणं, नळी टर्न करणं, रिंग बसवणं यात मला अवघड काही दिसलं नाही, म्हणून लगेच हो म्हटलं. पुढचे चार महिने आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे दुरुस्त केलं ते आकड्यांसह लिहितो आहे. घरी असं सस्पेन्शन बनवणारी पोरं पुण्यात बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक आट्यांवर मेहनत घेतात. आम्हीही तेच केलं. गाडी अडली ती दुसऱ्याच जागी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही गाडी रस्त्यावर चालत नाही, मैदानावर टोइंगच्या गाडीवरून जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. कायदा बाजूला ठेवला तरी, घरी वेल्डिंग केलेला स्ट्रट घेऊन कात्रजच्या उतारावर दुसऱ्याच्या लेकरांच्या शेजारून जायची माझी तयारी नाही. मूळ स्ट्रटचा सगळा संच तेल लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवला आहे.

गाडीत मुळात काय होतं

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही मांडणी १९४९-५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच आहे. शॉकअप हाच चाक धरून ठेवणारा खांब, त्याच्या अंगावर वाटीसारखी बैठक, बैठकीवर स्प्रिंग आणि वर बेअरिंगचं माउंटिंग. मागे आडवा टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी, थोडी पिळली जाणारी तुळई. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा.

म्हणजे खरं काम पुढचं. मूळ वाटी कापायची, नळीवर आट्यांची बाही चढवायची, बाहीवर फिरणारी चकती आणि ती जागेवरून हलू नये म्हणून तिच्याखाली चेकनट. चकती वर घेतली की गाडी उचलते, खाली घेतली की बसते. मागे स्प्रिंगच्या तळाशी स्क्रूची बैठक दिली की काम होतं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

काम सुरू करायच्या आधी पुतण्याच्या डोक्यातली एक समजूत काढावी लागली. ती मला जवळजवळ सगळ्यांकडे दिसते. त्याला वाटायचं की चकती घट्ट वर फिरवली की स्प्रिंग कडक होते. तसं होत नाही. साधी एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला ठरावीक किलो मागते. गाडीचं वजन तेवढंच आहे, त्यामुळे स्प्रिंग दबणार तेवढीच. चकती फिरवून तुम्ही दबलेल्या स्प्रिंगखालचा पाट वर-खाली करता. कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या या तिघांतून येतो, आणि स्प्रिंग एकदा बनली की या तिन्ही गोष्टी बदलत नाहीत.

सूत्र जुनंच आहे. तारेच्या व्यासाचा चौथा घात गुणिले पोलादाचा कर्तन गुणांक, जो सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. असतो. या गुणाकाराला आठ, वेढ्याच्या मध्य-व्यासाचा घन आणि काम करणारे (टोकांचे टेकलेले सोडून) वेढे या तिघांच्या गुणाकारानं भागायचं. आम्ही काढलेली मूळ स्प्रिंग व्हर्निअरवर १२ मि.मी. तारेची, १२८ मि.मी. मध्य-व्यासाची, ५ कामाच्या वेढ्यांची भरली. हिशेब १९.५ न्यूटन प्रति मि.मी. म्हणतो, म्हणजे मिलिमीटरला जवळजवळ २ किलो. चौथ्या घातामुळे तारेत अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा मोठा पडतो. म्हणून तार मोजताना रंग खरवडून मोजायची.

किती कडक पाहिजे

मोकळी गाडी, पुतण्या आत बसलेला, एकूण १,०४० किलो. त्यातले ६४० पुढच्या चाकांवर. एका पुढच्या चाकावर सरासरी ३२०, त्यातून चाक, ब्रेक, हब असे स्प्रिंगच्या खालचे ४० वजा केले की स्प्रिंगवर २८० किलो.

इथे एक साधा ठोकताळा फार उपयोगी पडतो. स्प्रिंग स्थिर वजनानं किती सेंटिमीटर दबते ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि ५ ला त्यानं भागा. गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते येतं. मूळ स्प्रिंग २८० किलोला १४ सेंटिमीटर दबत होती, म्हणजे १.३४. घरच्या गाडीला हा आकडा १ ते १.५ च्या आत असतो आणि अंगाला तो बरा वाटतो. मैदानावर वळणात गाडी कलू नये म्हणून पावणेदोन ते दोनच्या आसपास जावं लागतं. आम्ही मिलिमीटरला साडेतीन किलो ठरवलं. दाब ७.९ सेंटिमीटर, हेलकावा १.७८.

तेवढ्याच कडकपणाची स्प्रिंग अरुंद केली तर ती टायरच्या शेजारून खाली उतरते आणि बैठक हवी तिथे ठेवता येते. आतला व्यास ६५ मि.मी. धरला. भोसरीच्या एमआयडीसीत स्प्रिंग बनवणारं एक छोटं युनिट आहे, त्यांना कागदावर लिहून दिलं: तार ११ मि.मी., मध्य-व्यास ७६, कामाचे वेढे साडेनऊ, मोकळी लांबी २५०, दोन्ही टोकं ग्राइंड केलेली. सूत्रानं ३४.७ न्यूटन. जोडी आठ दिवसांत हातात आली. शेडमधल्या प्रेसखाली वजनकाटा ठेवून दाबून पाहिली, दर १० मि.मी. ला ३५ किलोच्या आसपास. पुतण्या खूश होता, मीही होतो.

त्या कागदावर दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. त्या पुढे येतात.

स्ट्रटचं काम

प्रयोगासाठी नाना पेठेतून जुने स्ट्रट घेतले. या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग इथे आहे, म्हणून सावकाश सांगतो. स्ट्रटच्या आत तेल असतं आणि वर दाबातला वायू. बंद स्ट्रटवर वेल्डिंगचा चटका दिला तर नळी बॉम्बसारखी फुटू शकते. आम्ही स्ट्रट व्हाइसमध्ये आडवा धरला, वरच्या भागाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि हातड्रिलनं हळूहळू अगदी बारीक भोक पाडलं. फुस्स असा आवाज आला आणि गोणपाटावर तेलाचा डाग पसरत गेला. आवाज पूर्ण थांबल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग नळीच्या तोंडाची आत वळवलेली कडा कापली, दांडा आणि आतली नळी बाहेर काढली, बाहेरची नळी रॉकेलनं दोनदा धुतली, वाळवली. तोपर्यंत वेल्डिंगचं टिग मशीन सुरू केलं नाही.

मूळ वाटी ग्राइंडरनं कापताना वेल्डचा शेवटचा मिलिमीटर कानशीनं काढला. ग्राइंडरची एक चूक नळीत खाच पाडते आणि स्ट्रट तिथूनच तुटतो. नळी साफ झाल्यावर १० मि.मी. जाडीची पोलादी रिंग चढवून चार ठिकाणी टाके घातले आणि समोरासमोरचे तुकडे करत वेल्ड पूर्ण केला, म्हणजे नळी एका बाजूला ओढली जात नाही. शॉकअप दोन नळ्यांचा आहे, पिस्टन आतल्या नळीत फिरतो. त्यामुळे बाहेरची नळी केसभर हलली तरी पिस्टन अडकत नाही, पण आतली नळी तळाशी सरळ बसलीच पाहिजे.

वेल्ड थंड झाल्यावर बारीक भेगा दाखवणारं डाय पेनेट्रंट मारलं. लाल द्रव, पुसणं, मग पांढरा फवारा. एका रिंगच्या कडेला केसासारखी लाल रेघ उमटली. टाका जिथे संपला होता तिथेच. ती जागा खोदून पुन्हा भरली. या रिंगवर जास्तीत जास्त भार अर्ध्या टनाच्या आसपास येतो. वेल्डच्या क्षेत्रफळाकडे पाहिलं तर तो किरकोळ आहे. पण तो भार लाखो वेळा येतो आणि जातो, आणि अशा रेघा तेवढ्यात वाढतात.

बाही ॲल्युमिनियमची, बाहेरून ६० मि.मी., आट्यांचा पिच २ मि.मी. एक फेरी म्हणजे दोन मिलिमीटर, हिशेबाला सोपं. पहिल्या चकत्याही ॲल्युमिनियमच्या केल्या होत्या. मुरमाची धूळ आट्यांत गेल्यावर त्या दुसऱ्याच आठवड्यात अशा जाम झाल्या की एक कापून काढावी लागली. आता चकत्या ईएन-८ पोलादाच्या आहेत, झिंक चढवलेल्या, आणि आट्यांना ग्रीस.

वरच्या टोकाला नवी टोपी टर्न केली. स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट फिरतो, म्हणून टोपी मूळ बेअरिंगवर बरोबर मध्यात बसायला हवी. इथे एक गोष्ट आम्हाला गमवावी लागली आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मॅकफर्सनमध्ये चाकाचा भार दांड्याला बाजूला वाकवू पाहतो. तो वाक कमी व्हावा म्हणून मूळ स्प्रिंग दांड्याच्या रेषेपासून थोडी तिरकी बसवलेली असते. आमची अरुंद स्प्रिंग दांड्याच्या सरळ रेषेत बसते, म्हणजे तो आधार गेला. दांडा ज्यात सरकतो त्या बुशवर घर्षण वाढलं आहे आणि बुश लवकर झिजणार आहेत. दर हंगामाला ते बदलायचे असं वहीत लिहून ठेवलं.

मैदानावर

चाकणजवळच्या खासगी मैदानावर पहिली चाचणी झाली. गाडी मूळ उंचीपेक्षा २५ मि.मी. खाली बसवली होती. पुतण्याला ५० हवी होती. मी त्याला गाडीखाली बसवून खालचा आर्म दाखवला. २५ वर तो जवळजवळ आडवा होता. त्याहून खाली गेलं की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू झपाट्यानं जमिनीकडे उतरतो, आणि गाडी खाली असूनही जास्त कलते. शिवाय खड्ड्यात चाकं आपोआप वळू लागतात. तेव्हापासून ५० चा विषय निघाला नाही.

सपाट वळणांत गाडी सुरेख होती. पण मैदानाच्या टोकाला ट्रकच्या चाकोऱ्यांनी पडलेले दोन आडवे चर होते. त्यांवरून जाताना पुढून 'ठक्' असा कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी क्षणभर सरळ पुढे सरकायची. पुतण्याचा निष्कर्ष: शॉकअप मऊ पडतोय. बरोबर आलेल्या मेकॅनिकचंही तेच म्हणणं, "साहेब, तेल जाड टाका."

आम्ही ऐकलं. घरी येऊन जाड तेल भरलं. पुढच्या रविवारी 'ठक्' तसाच, आणि वर गाडी बारीक खडीवरही थरथरू लागली. आता मला वाटतं, शॉकअपबद्दल ते अर्धं बरोबर होते. स्प्रिंग पावणेदोन पट कडक केली की शॉकअपची धरण्याची ताकद त्याच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे एक तृतीयांशानं वाढवावी लागते. पण ती मुख्यतः स्प्रिंग परत उसळताना लागते. जाड तेल दोन्ही बाजूंनी अडवतं, आणि तापलं की पातळ होऊन तेही काम सोडतं. खरा उपाय आतल्या पिस्टनवरच्या पातळ चकत्यांचा थर बदलणं हा होता. तो नंतर केला आणि तेल मूळचंच ठेवलं. 'ठक्' मात्र वेगळीच गोष्ट होती.

त्या संध्याकाळी मी चाक काढून स्ट्रटसमोर दिवा धरून बसलो. दांड्यावर एक घट्ट रबरी रिंग चढवली होती. गाडी दबली की शॉकअपचं तोंड रिंगला वर ढकलतं आणि रिंग तिथेच राहते, म्हणजे दांडा किती आत गेला ते कळतं. गाडी सपाटीवर उभी करून शॉकअपच्या तोंडापासून रिंगपर्यंतचं अंतर मी मैदानावरच मोजून ठेवलं होतं: डावीकडे ४१ मि.मी., उजवीकडे ४१. दोन्हीकडे तंतोतंत सारखं. खड्ड्यांत असं होत नाही. एका बाजूला ३८, दुसऱ्या बाजूला ४४, असं काहीतरी यायला हवं. दोन्ही चाकं एकाच आकड्यावर थांबतात याचा अर्थ त्यांना कोणतीतरी भिंत लागते आहे.

भिंत म्हणून बंप रबर असतो, दांड्यावरचा रबरी ठोकळा. आमचा हिशेब असा की दांडा ५० मि.मी. आत गेल्यावर रबर टेकेल आणि ६५ ला पूर्ण दबेल. रबरावर बोट फिरवलं. मैदानाची तांबूस धूळ तशीच होती, कुठेही पुसलेली नव्हती. म्हणजे रबर टेकलाच नव्हता.

मग दिवा स्प्रिंगवर नेला. वेढ्यांच्या खालच्या अंगाला, काळ्या रंगात, चकचकीत पोलादाची बारीक रेघ. वरच्या वेढ्यावरही, बरोबर समोरासमोर. वेढ्याला वेढा लागत होता. स्प्रिंग बंद होत होती.

खात्रीसाठी पुतण्यानं गणपतीच्या वेळची उरलेली शाडू भिजवली आणि वेढ्यांच्या फटींत चार ठिकाणी लिंबाएवढे गोळे दाबून बसवले. दुसऱ्या दिवशी चरांवरून एकदाच गाडी नेली. माती चारही ठिकाणी कागदाइतकी पातळ झाली होती, त्यावर दोन्ही वेढ्यांची गोलाई छापलेली.

हिशेब कागदावर मांडला आणि चूक समोर आली. साडेनऊ कामाचे वेढे अधिक टोकांचे दोन, एकूण साडेअकरा, तार ११ मि.मी. पूर्ण बंद स्प्रिंगची उंची १२६. मोकळी २५०, वजनानं ७९ दबली की उरते १७१. १७१ मधून १२६ गेले, राहिले ४५. गाडीला ६५ ची चाल हवी आणि स्प्रिंग ४५ ला संपते. तेव्हापासून अख्ख्या गाडीचा पुढचा धक्का स्प्रिंगमधून न जाता थेट माउंटिंगवर आणि पत्र्यावर जात होता. आणखी दोन रविवार गेले असते तर माउंटिंगचं रबर फाटलं असतं, कदाचित पत्राही उघडला असता.

पण रिंग ४१ म्हणत होती आणि कागद ४५. पुतण्या म्हणाला, "काका, चार मिलिमीटरनं काय होतंय?" मला त्या ४ नं झोप लागली नाही. सकाळी स्प्रिंग काढून सपाट प्लेटवर उभी करून मोजली. २४६. दुसरी २४६. आठ दिवसांपूर्वी या २५० होत्या. स्प्रिंग बसली होती.

भोसरीतली दुसरी भेट

त्या दोन्ही स्प्रिंगा घेऊन मी युनिटच्या मालकांकडे गेलो. वयस्कर माणूस, आयुष्य स्प्रिंगांत गेलेलं. रेघा पाहून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही मोकळी लांबी लिहिलीत. बंद उंची आणि जास्तीत जास्त दाब लिहिलाच नाहीत. ब्लॉक करून द्यायचं पण सांगितलं नाहीत."

या त्या राहिलेल्या दोन गोष्टी. स्प्रिंग किती दाबली जाणार हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी तार तेव्हाच बदलली असती. आणि ब्लॉक करणं म्हणजे स्प्रिंग मुद्दाम जास्त लांब बनवून, नंतर प्रेसखाली पूर्ण बंद होईपर्यंत तीनदा दाबायची. जेवढी बसायची तेवढी ती तिथेच बसून घेते आणि गाडीत गेल्यावर लांबी सोडत नाही. आमची स्प्रिंग ते काम मैदानावर, गाडीच्या खाली करत होती.

आम्ही दोघांनी त्यांच्या टेबलावर नवा हिशेब केला. कडकपणा तोच ठेवून तार साडेअकरा, मध्य-व्यास साडेशहात्तर, कामाचे वेढे ११, मोकळी लांबी ३००. तार जाड झाल्यानं पोलादावरचा ताण दहाएक टक्क्यांनी उतरतो. बंद उंची साडेअकरा गुणिले तेरा, सुमारे १५०. वजनावर लांबी २२१. उरले ७१, हवे ६५. सहा मिलिमीटर शिल्लक, वेढ्यांना श्वास घ्यायला.

दुसरी बाजूही तिथेच तपासली. गाडी जॅकवर उचलली की चाक ७० मि.मी. खाली लोंबतं. स्प्रिंग वजनानं ७९ दबलेली असते, म्हणजे पूर्ण लोंबलं तरी ९ मि.मी. दाब शिल्लक राहतो आणि ती बैठकीतून सुटत नाही. स्प्रिंग आणखी कडक केली असती तर ती उडीनंतर मोकळी होऊन वाकडी बसली असती, आणि मग वर एक पातळ मदतीची स्प्रिंग द्यावी लागली असती.

३०६ लांबीची बनवून, तीनदा ब्लॉक करून, ३०० वर स्थिर झालेली जोडी मिळाली. ती ५० मि.मी. लांब असल्यानं चकती तेवढी खाली न्यावी लागली. टायर आणि चकती यांच्यात ९ मि.मी. राहिले, बोट जेमतेम जातं.

चार कोपरे

उंची बदलता येण्याचा मला पटलेला खरा फायदा हा आहे. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या कांद्याच्या गाळ्यावरून दोन प्लॅटफॉर्म काटे आणले. दोनच मिळाले, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीच्या फळ्या ठेवल्या आणि आळीपाळीनं तोललं. शेडची फरशी पाण्याच्या लेव्हल ट्यूबनं तपासून घेतली होती, कारण तिथले पाच मिलिमीटर इथे किलो बनून दिसतात. पुतण्या हेल्मेट घालून सीटवर बसला.

पुढे डावीकडे २९०, उजवीकडे ३५०. मागे डावीकडे २१५, उजवीकडे १८५. उजवा पुढचा आणि डावा मागचा या कर्णावर ५६५ किलो, म्हणजे १,०४० पैकी ५४.३ टक्के. खुर्ची जशी दोन पायांवर डुगडुगते तशी गाडी एका कर्णावर उभी होती. उजवीकडे ती एक वागायची, डावीकडे दुसरी, आणि पुतण्या महिनाभर टायरला दोष देत होता.

चकत्या फिरवून पुढे-मागे किंवा डावं-उजवं एकूण वजन बदलत नाही. तिथे बॅटरी हलवा, सीट हलवा. चकतीनं फक्त कर्ण बदलतो. जड कर्णाच्या दोन चकत्या खाली, हलक्या कर्णाच्या दोन वर, सारख्या फेऱ्या. स्प्रिंगांच्या हिशेबानं प्रत्येकी जवळजवळ चार फेऱ्या निघत होत्या. बीमचा पीळ आणि अँटीरोल बार (गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारी दांडी) यांचाही वाटा असल्यामुळे प्रत्यक्षात तीन पुरल्या. प्रत्येक बदलानंतर गाडी ढकलून पुढे-मागे नेली, बॉनेट आणि डिकी दाबून सोडली, मग पुन्हा तोललं. शेवटी आकडे आले ३११, ३२९, १९४, २०६. कर्ण ५०.३ टक्के. मग अलाइनमेंट, कारण उंची हलली की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, हलतोच.

आत्ताची स्थिती

तीन महिने झाले. नव्या स्प्रिंगा मागच्या आठवड्यात काढून प्लेटवर मोजल्या, डावी ३००, उजवी २९९.५. वेढ्यांतली शाडू दबते पण फाटत नाही, सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या वर राहते. रिंग आता दोन बाजूंना वेगळं सांगते: मागच्या रविवारी डावीकडे ५८, उजवीकडे ५४. बंप रबरावरची धूळ पुसलेली असते, म्हणजे तो त्याचं काम करतो आहे. चर ओलांडताना येणारा आवाज आता रबराचा, भरीव आहे. डाव्या स्ट्रटच्या सीलवर तेलाचा पुसट ओलावा दिसतो. बुशचं घर्षण तिथे बोलायला लागलं असावं, म्हणून हंगाम संपायच्या आधीच तो स्ट्रट उघडणार आहे.

परवा पुतण्या हूक पाना घेऊन गाडीखाली शिरला. म्हणाला, "काका, अजून दहा खाली घेऊ या का? आता तर स्प्रिंग बंद होत नाही."

मी त्याच्याकडे वही दिली. तो तिथेच, घोड्यांवर उभ्या गाडीखाली पाठीवर पडून आकडेमोड करत राहिला. स्प्रिंगच्या बाजूनं काही बिघडत नव्हतं, वजनावरची लांबी तीच राहते. पण दांड्याची चाल ६५ ची ५५ होते, रबर ५० ऐवजी ४० ला टेकतो, आणि रिंग गेल्या रविवारी ५८ वर होती. थोड्या वेळानं तो बाहेर आला, पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि आट्यांना लावायला ग्रीसचा डबा मागितला.